आण्णांच्या आईसाठी सूर्यास्त

विश्वाच्या पसाऱ्यात आपला सूर्य हा एक सामान्य तारा आहे. त्याच्या उगवण्या-मावळण्याला पृथ्वीबाहेर काडीचाही अर्थ नाही. हे वाक्य मी सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवताना दर वर्षी म्हणत असे, आवाज थोडा खाली आणून. मुलं गंभीर होत.

निवृत्तीनंतर माझी जुनी विद्यार्थिनी विद्या हिने मला शिरवळला बोलावलं. हायवेलगत टायरच्या दुकानावर तिचा ॲनिमेशन स्टुडिओ आहे. चार माणसं साखर कारखान्यांच्या वार्षिक सभेसाठी फिल्म बनवतात. विद्याला त्यातून सुटायचं होतं. तिने बारा भागांची अंतराळ-मालिका लिहिली होती. तिच्यासाठी तारा आणि राहण्याजोगा ग्रह बेतायचा, हे माझं काम. दारावर माझ्या नावाखाली ‘चीफ सायन्स कन्सल्टंट’ लागलं. दुसरा कन्सल्टंट नव्हता.

विद्याच्या कथेत कायम संध्याकाळ होती. मी लाल बटू तारा निवडला. हा तारा लहान आणि मंद असतो. ऊब हवी तर ग्रहाला शेकोटीजवळ बसल्यासारखं चिकटून बसावं लागतं. इतक्या जवळ तारा ग्रहाची एकच बाजू स्वतःकडे धरून ठेवतो, चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते तशी. एकीकडे कायम दिवस, दुसरीकडे कायम रात्र आणि मधल्या पट्ट्यात कायम संध्याकाळ. विद्या खूश झाली.

मग सांगलीहून आण्णा आले. हळदीचे व्यापारी, जैन, मालिकेचे एकमेव निर्माते. त्यांची एकच अट होती: मालिकेतली आजी त्यांच्या दिवंगत आईसारखी हवी. ते उठून गेले असते, तर विद्या पुन्हा वार्षिक सभेत.

‘मानवजातीचं नवं क्षितिज’ या नावाचं प्रेझेंटेशन त्यांनी शांतपणे बघितलं. मग मला विचारलं, “सर, तितं दिवस कवा मावळतो?”

“मावळतच नाही, आण्णा.”

“आमची आई जल्मभर दिवस मावळायच्या आत जेवली.”

मी म्हटलं, मग उत्तमच. सूर्य मावळत नाही म्हणजे आजीला कधीही जेवता येईल.

आण्णांनी माझ्याकडे नापास विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. “आवं सर, कवाबी जेवता आलं तर नेम कसला?”

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी लाल बटू खोडला.

त्याऐवजी नारिंगी तारा घेतला. तो जास्त तापतो, म्हणून ग्रह लांब ठेवता येतो आणि मोकळेपणी स्वतःभोवती फिरतो. दिवस मावळू लागला. आता विद्या रुसली. सूर्य झटकन बुडाला तर तिच्या नायिकेने निरोप कधी घ्यायचा? मी ग्रहाचं फिरणं मंद केलं. एक दिवस साठ तासांचा झाला. आण्णांनी मनातल्या मनात भागाकार केला.

“म्हंजे तीस तास रात. आईला तीस तास उपाशी ठेवनार व्हय?”

शेवटी दिवस सव्वीस तासांचा ठरला आणि मी गाव उचलून पार उत्तरेला नेलं. तिथे सूर्य तिरका उतरतो, मावळायला वेळ घेतो. थंडी वाढली म्हणून ग्रह ताऱ्याकडे थोडा ओढला. हिवाळ्यातली रात्र लांबू नये म्हणून त्याचा अक्ष सरळ उभा केला. ऋतू गेले. विद्याची लांबलेली संध्याकाळ मात्र वाचली.

आण्णा चहा संपवून उठले. दारात थांबून म्हणाले, “आन यानात काय करायचं? तितं तर सूर्यच न्हाई.”

बारापैकी दहा भाग यानात घडत होते. विद्याने माझ्याकडे बघितलं. मी कागदांकडे.

“लय इचार करू नगा,” आण्णा म्हणाले. “घरचं घड्याळ लावा.”

एवढ्यावरून मी शिकलो ते असं: ग्रह बेतण्याआधी तिथे जेवणार कोण, हे विचारून घ्यावं.

मालिका पूर्ण झाली. यान पृथ्वीपासून अठरा प्रकाशवर्षं दूर आहे. त्यात आजीचं जेवण रोज सांगलीच्या सूर्यास्ताआधी होतं.