आर्जीयाचं पोट आणि दोन आसनांची गाडी

लेआर्को झांबेल्लीने एकेचाळीस वर्षं एकच रस्ता चालवला. पिएवेरोसा गावापासून वर खिंडीपर्यंत आणि खिंडीपासून परत खाली. बस निळी, बारा मीटर लांब, आणि आत सगळ्या म्हाताऱ्या. प्रत्येकीच्या मांडीवर अंड्यांची टोपली. रस्त्याला वळणं एकशे सदतीस. ती त्याने मोजली होती, कारण ताशी पंचवीसने जाणाऱ्या माणसाला दुसरा उद्योग तरी काय असतो? वळण आलं की वेग आणखी कमी. जरा कुठे गडी रंगात आला की मागून हाक यायची, "लेआर्को, अंडी." एकेचाळीस वर्षांत त्याने एक अंडं फोडलं नाही, आणि एक वळणही मनासारखं घेतलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्याला एक घड्याळ मिळालं. पाद्र्यांनी आशीर्वाद दिला. दोन्ही खिशात घालून तो घरी आला आणि टोपी खुंटीला अडकवायच्या आतच म्हणाला, "आर्जीया, आता मी एक स्पोर्ट्स कार घेणार. जुनी, छोटी, दोन आसनांची. टप उघडणारी."

आर्जीया टेबलाशी बसून तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या छोट्या गाठी, वळत होती. तिची बोटं थांबली नाहीत. "दोन आसनं? दुसऱ्यावर कोण बसणार?"

"तू."

"मी?" ती म्हणाली. "मला डोंगरात नेणार? माझं पोट विसरलास?"

आर्जीयाचं पोट विसरणं कुणालाच शक्य नव्हतं. सपाटीवर ती ठणठणीत. स्वतःची चौकोनी, डबड्यासारखी गाडी घेऊन बाजारात जायची, वाटेत दोघाचौघांना शिव्या घालायची, ताजीतवानी परत यायची. पण वळणाच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या शेजारी बसली की संपलं. लग्नानंतर लेआर्को तिला खिंडीपलीकडे फिरायला घेऊन निघाला होता. नवव्या वळणावर लग्नाचं अख्खं जेवण, सूपापासून बदामाच्या केकपर्यंत, आलं त्याच क्रमाने परत गेलं. त्यानंतर ती कधी खिंडीत गेली नाही.

आता खिंडीच्या पलीकडे पिस्तोया, आणि पिस्तोयात आर्जीयाची थोरली बहीण वेलिया. रस्त्याने दोन तास. पण रेल्वेने जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा, तीन गाड्या बदलायच्या, सगळा दिवस जायचा. बहिणी वर्षाआड भेटायच्या. अलीकडे वेलियाच्या पायांत तीन गाड्या बदलायचं बळ उरलं नव्हतं आणि आर्जीयालाही स्टेशनचे जिने नको वाटायचे. त्यामुळे दोघी रोज फोनवर भांडायच्या. आईच्या हातच्या अक्रोडाच्या दारूत लवंगा तीन की पाच, हे भांडण सहा वर्षं चाललं होतं. फोन ठेवला की आर्जीया खिडकीतून डोंगराकडे बघत बसायची, आणि लेआर्कोने विचारलं तर म्हणायची, "कांदा चिरत होते." हातात कांदा नसायचा.

"टप उघडा असला की वारा लागतो," लेआर्को म्हणाला. "वारा लागला की ढवळत नाही. मी तुला वेलियाकडे नेतो."

आर्जीयाने शेवटची तोर्तेल्लीनी ताटात टाकली. "ठीक आहे. पण घेण्याआधी प्रत्येक गाडीत मी बसून बघणार. जिच्यात पोट ढवळलं, ती या दारात येणार नाही. मग ती कितीही लाल असो."

ही बातमी बारमध्ये पोचायला एक कॉफी पुरली. आमच्या भागातल्या बारमध्ये पत्ते खेळणारे जे आठ-दहा जण असतात, त्यांच्यातल्या एकाकडेही ट्रॅक्टरपेक्षा वेगवान काही नसतं. पण मोटारशर्यतीतल्या जगज्जेत्याने रविवारी कुठल्या वळणावर ब्रेक उशिरा लावला, हे त्यांना सोमवारी सकाळी तोंडपाठ असतं. त्या सगळ्यांचा म्होरक्या नुल्लो, म्हणजे आर्जीयाचा धाकटा भाऊ, निवृत्त मेकॅनिक. तो गाडी बघत नसे, ऐकत असे. डोळे मिटून, मान तिरकी करून, जणू बिशपसाहेबांच्या पापांची कबुलीच कानावर पडतेय.

नुल्लोने पहिली गाडी शोधली ती मोदेनातल्या एका दंतवैद्याची. लालभडक. चौदा वर्षांची, पण मीटरवर जेमतेम अकरा हजार किलोमीटर. दंतवैद्याने तिला मऊ फ्लॅनेलच्या खोळीत गुंडाळून ठेवलं होतं. खोळ निघाली तसे नुल्लोचे डोळे पाणावले.

"कुमारिका आहे," तो कुजबुजला.

लेआर्कोने टायरला हात लावला. रबर जुन्या चीजच्या सालीसारखं टणक झालेलं. त्याने विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललं?"

"चालवतच नाही, तर बदलायचं कशाला?" दंतवैद्य म्हणाला.

"बस तीन दिवस उभी राहिली तरी रुसते," लेआर्को म्हणाला. "ही चौदा वर्षं उभी आहे."

"तू गाडी बघतोयस की बस?" नुल्लो फणकारला.

टेकडीवर एक चक्कर मारायचं ठरलं. आर्जीया शेजारी बसली, रुमाल बांधून, पर्स पोटाशी धरून. खोळ दंतवैद्याने जपून तिच्या पायांशी ठेवली होती, वाटेत धूळ लागली तर पुसायला. तिसऱ्या वळणावर ती म्हणाली, "थांबव." लेआर्कोने ब्रेक दाबला. ब्रेकने विचार करायला वेळ घेतला. तेवढ्या वेळात फ्लॅनेलची खोळ कामी आली.

परत आल्यावर दंतवैद्याने खोळ दोन बोटांनी उचलली. आर्जीया त्याला म्हणाली, "दातांचं काही असेल तर तुमच्याकडेच येईन," आणि नुल्लोच्या व्हॅनमध्ये जाऊन बसली.

दुसरी गाडी एका फरशीवाल्याच्या पोराची. रुंद चाकं, मागे पंख, सायलेन्सर असा की बाजूच्या गल्लीतलं कुत्रं पलंगाखाली गेलं. बारवाल्यांना ही पसंत पडली. पण ती इतकी खाली बसवलेली की मालकाच्याच फाटकातून निघताना पोट घासलं. आर्जीया आत बसली ती बसलीच. बाहेर यायला जमेना. शेवटी नुल्लो आणि तो पोरगा दोघांनी मिळून तिला ओढलं, गाईच्या पोटातून वासरू ओढावं तसं.

"पोट ढवळलं?" लेआर्कोने काळजीने विचारलं.

"पोटापर्यंत पोचलेच नाही," ती कंबर धरून म्हणाली. "हिच्यातून मी चर्चला गेले तर प्रार्थना संपेपर्यंत बाहेर निघत असेन."

त्या आठवड्यात लेआर्को बारमध्ये गेला नाही. दोनदा उलटी, म्हणजे एकदा उलटी आणि एकदा कंबर, एवढ्यावरच त्याचा धीर खचला होता. आर्जीयाने बहिणीला फोनवर सांगितलेलं त्याने ऐकलं होतं: "नाही गं, लेआर्को उगाच धडपडतोय. आपण आता फोनवरच." आणि त्या दिवशी लवंगांवरून भांडणसुद्धा झालं नाही.

तिसरी गाडी शोधली ती लेआर्कोनेच. शेजारच्या गावात, जिथून खिंडीचा रस्ता चढायला लागतो तिथे, डॉक्टर साव्हेरिया राहायच्या. गाईगुरांच्या डॉक्टर. चीजसाठी दूध देणाऱ्या सगळ्या डोंगराळ गोठ्यांतून त्या सतरा वर्षं एका हिरव्या दोन आसनी गाडीतून फिरत होत्या. गाडी आता विकायची होती, कारण अवजारं वाढली होती आणि डॉक्टरबाईंचे गुडघेही कुरकुरू लागले होते.

आर्जीयाने आपली चौकोनी गाडी काढली, नवरा आणि भाऊ दोघांना घेतलं आणि सकाळीच तिथे पोचली.

नुल्लोने गाडीकडे एकदा पाहिलं आणि हाताची घडी घातली. "जपानी," तो म्हणाला. आमच्या भागात हा शब्द कसा म्हणतात ते ऐकायला हवं. पाद्र्याच्या घरी जेवताना कुणीतरी मूळव्याधीचा विषय काढावा, तसा.

"मीटरवर दोन लाख अठरा हजार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लपवत नाही. एका जागी उभी राहिलीच नाही कधी."

लेआर्को मात्र गाडीखाली सरपटला. दारांखालच्या पत्र्यावर नाण्याने टकटक केली. आवाज भरीव आला, कुठे गंजाचा भुगा पडला नाही. टपाच्या कडेला पाण्याची अर्धी बाटली ओतली आणि पाणी चाकामागून बाहेर आलं का ते पाहिलं. आलं.

"पाणी जायची ती भोकं मी वासरांच्या नळीने साफ करते," डॉक्टरबाई म्हणाल्या. कापडी टपाला एके ठिकाणी टाके होते, अगदी सुबक.

"हे तुम्ही घातलेत?"

"सिझेरियन झालं होतं एका गाईचं. दोरा उरला होता."

कप्प्यात एक वही होती. प्रत्येक तेलबदल, प्रत्येक पट्टा, तारखेसकट. मधूनमधून "जुळी, दोन्ही जिवंत" अशाही नोंदी. इंजिन गार होतं. किल्ली फिरवताच पहिल्या झटक्यात सुरू झालं. नुल्लोची घडी तशीच होती, पण मान नकळत तिरकी झाली होती.

"काय म्हणतंय?" लेआर्कोने विचारलं.

"मला जपानी समजत नाही," नुल्लो म्हणाला, आणि आणखी एक पाऊल पुढे येऊन ऐकू लागला.

लेआर्को चाकामागे बसला. गिअरचा दांडा मनगटाच्या नुसत्या हालचालीने पडत होता. पहिलं वळण त्याने घेतलं, दुसरं घेतलं, आणि एकेचाळीस वर्षं अडवून धरलेलं काहीतरी त्याच्या छातीतून सुटलं. टप उघडा, चेस्टनटच्या पानांचा वास, वारा. तिसरं. चौथं. पाचव्यावर त्याने शेजारी पाहिलं. आर्जीयाने डोळे गच्च मिटले होते आणि तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

पर्स तिने पोटाशी आवळली होती. ते बघून त्याला जास्तच वाईट वाटलं. त्याने गाडी वळवली.

डॉक्टरबाईंच्या दारापाशी येऊन त्याने किल्ली परत केली. "गाडी उत्तम आहे, डॉक्टरबाई. पण घेता येत नाही." आणि का ते सांगितलं.

डॉक्टरबाईंनी आर्जीयाकडे पाहिलं, आजारी गाईकडे बघावं तसं. "तुम्ही स्वतः चालवता तेव्हा ढवळतं?"

"मी डोंगरात कधी चालवलंच नाही," आर्जीया म्हणाली. "घरात ड्रायव्हर असताना मी कशाला चालवू?"

"गाई ट्रकमध्ये मागे उभ्या राहून ओकतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ट्रकवाल्याला ओकताना मी अजून पाहिलं नाही. मध्यरात्रीपर्यंत ढोसून आला नसेल तर." आणि त्यांनी किल्ली आर्जीयाच्या हातावर ठेवली.

नुल्लो म्हणाला, "या रस्त्यावर? ही?"

या 'ही'ने काम केलं. आर्जीया चाकामागे बसली, आसन पुढे ओढलं, रुमालाची गाठ घट्ट केली. लेआर्कोने आपले लांब पाय शेजारच्या जागेत कसेबसे घडी करून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा तो या रस्त्यावर त्या बाजूला बसला होता.

आर्जीया कणीक लाटते तशी गाडी चालवत होती: भरभर आणि हयगय न करता. पाचवं वळण गेलं. नववं आलं, तेच ते, आणि गेलं. तिचे गाल लाल झाले होते. लेआर्कोचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक शोधत होता.

"दुसऱ्या गिअरमध्ये घे," तो म्हणाला. "आता बाहेरून. आर्जीया, बाहेरून. अंडी..."

"कसली अंडी?" ती म्हणाली. "बसमध्ये तुझ्या डोक्यावर पाटी होती ना, चालकाशी बोलू नये म्हणून? वाच आता मनातल्या मनात."

चाळिसाव्या वळणाला लेआर्कोच्या कपाळावर घाम आला. पन्नासाव्याला त्याच्या लक्षात आलं, की हे वळण आपण तीस हजार वेळा घेतलं असेल, पण त्याने आपल्याला कधी घेतलं नव्हतं. साठाव्याला तो म्हणाला, "थांबव."

रस्त्याकडेला मेरीमातेची छोटी घुमटी होती. तो तिच्या मागे गेला. समोर नाही, तेवढी लाज त्याला होती. आर्जीया इंजिन चालू ठेवून थांबली. तो परत आला तो गाडीच्याच रंगाचा होऊन.

"डोळे मिटू नकोस," ती म्हणाली. "लांब रस्त्याकडे बघ." हे वाक्य त्याने तिला पंचेचाळीस वर्षं ऐकवलं होतं, आणि आता त्याला कळलं की त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

खिंडीत पोचल्यावर ती उतरली आणि कठड्याला टेकून पलीकडच्या दरीकडे बघत राहिली. खाली कुठेतरी पिस्तोया होतं. लेआर्को कठड्यावर बसून लिंबू चोखत होता.

"ढवळलं?" त्याने विचारलं.

"भूक लागलीय," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "लेआर्को, रोजचं तुझं. पावाला, वर्तमानपत्राला, बारला, जा तुला हवं तसं, घे तुझी वळणं. पण खिंडीपलीकडे जायचं तर मी चालवणार."

"आता परत जाऊ या," तो म्हणाला. "डॉक्टरबाई वाट बघतायत. दहा मिनिटांसाठी दिलीय त्यांनी."

"परतीलाही वळणं आहेत आणि पुढेही वळणं आहेत," आर्जीया म्हणाली. "तुला ओकायचंच आहे तर पुढे ओक."

दुपारी डॉक्टर साव्हेरियांचा फोन वाजला. त्या तेव्हा आर्जीयाच्या चौकोनी गाडीतून एका अडलेल्या गाईकडे निघाल्या होत्या आणि गाडी नुल्लो चालवत होता, कारण दुसरी गाडीच शिल्लक नव्हती.

"डॉक्टरबाई, मी लेआर्को. गाडी आम्ही घेतली."

"ते कळलं मला. आहात कुठे?"

"पिस्तोयात."

पलीकडे नुल्लोचा आवाज आला, "विचारा, गरम झाली का." मग जरा दबक्या आवाजात, "चढावर आवाज कसा येतो तेही विचारा."

"छान येतो म्हणावं," लेआर्को म्हणाला. "दोघी बहिणी आत्ताच चौकाला फेरी मारायला गेल्यात. वेलियाला आत बसवायला शेजारचा खाटीक बोलवावा लागला, काढायलाही लागेल. लवंगांवरून भांडत गेल्या, दोन गल्ल्या पलीकडे जाईपर्यंत मला ऐकू येत होतं."

"आणि तुम्ही?"

"मी फुटपाथवर," लेआर्को म्हणाला. "गाडी दोन आसनांची आहे, डॉक्टरबाई."