जावई म्हणावं की सून

मालिकांतल्या एका लाडक्या नटाच्या आई काल आमच्या सोसायटीच्या सभागृहात बोलायला आल्या होत्या. समलिंगी मुलांच्या हक्कांसाठी त्या गावोगाव फिरतात. म्हणाल्या, "लेकाचा जोडीदार अधिकमासात घरी आला. त्याला जावई म्हणावं की सून, ठरेना. मग अनारसेही दिले आणि ओटीही भरली!" सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले.

माझी लेक सायली एका मुलीसोबत संसार करते. "मैत्रीण आहे तिची," एवढंच मी लोकांना सांगत आले. त्या बाईंना नातं कुठल्या रीतीत बसवावं हा प्रश्न पडला. मी त्या मुलीला कधी घरी बोलावलंच नाही.

परतल्यावर सायलीला फोन केला. म्हटलं, "रविवारी दोघी जेवायला या." ती हळूच म्हणाली, "आई, हे तूच तिला सांग ना. इथेच बसलीय."