शिडीची खालची पायरी

वर्गात पेंगणारं पोरगं दिसलं की उमाशंकर सरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. होणार नाही तर काय! एकोणीस वर्षं लातुरात फिजिक्स शिकवलं, खडू झिजवून झिजवून बोटांची सालं गेली, आणि करोनानंतरची पोरं बघावीत तर मान फळ्याकडं अन् जीव मोबाइलात. सरांचे वडील गुरुपादप्पा उदगीरच्या मोंढ्यात धान्य मापायचे. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक आपल्याकडं बघत न्हाई, ह्यात गिऱ्हाइकाचा दोष न्हाई." सरांनी ते मनावर घेतलं.

सेहेचाळिसाव्या वर्षी हा माणूस मोबाइलवर क्विझ घ्यायला शिकला. कुणाकडून? स्वतःच्या पोरीकडून. अक्षरा बारावीला, त्यांच्याच क्लासमध्ये बसायची. सरांनी प्रश्न टाकायचा, साठ पोरांनी आपापल्या मोबाइलवर उत्तर दाबायचं, की भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर नावं भराभरा खालीवर सरकायची. बरोबर उत्तर जो आधी दाबेल तो वर. पहिलं कोण, साठावं कोण, सगळ्यांदेखत. सर त्याला शिडी म्हणायचे. आणि काय सांगावं, पेंग पार पळाली! पोरं बाकावर उभी राहून ओरडायला लागली. क्लासच्या मालकांनी तर शिडीचा फोटो चौकातल्या बोर्डावर लावला. शेवटच्या नावासाठी सरांचा एक ठरलेला विनोद होता. "अरे, शिडी खालून धरायला पण कुणीतरी लागतंच की!" साठही पोरं हसायची. म्हणजे एकोणसाठ.

पहिले तीन आठवडे ते शेवटचं नाव आरतीचं असायचं. भोकरकडची पोरगी, हॉस्टेलात राहणारी, दहादा विचार करून उत्तर दाबणारी. मग एक दिवस त्या जागी अक्षराचं नाव आलं आणि तिथून हलेचना.

"दिव्याखाली अंधार, काय सर?" स्टाफरूममध्ये कुणीतरी चहा ओतता ओतता म्हणालंच. सर कसनुसं हसले, पण चहा काही त्यांना गेला नाही.

एका रविवारी चार्जर शोधताना त्यांच्या हाती अक्षराची वही लागली. शिडीवरचा एकूणएक प्रश्न तिनं घरी सोडवलेला, तोही बिनचूक! सर असे भडकले की विचारू नका.

"जाणूनबुजून चुकतीस? बापाची इज्जत काढायला निघालीस?"

"अप्पा, ऐकून तर घ्या. ती आरती..."

"आरतीबिरतीचं मला सांगू नको! उद्यापासून बरोबर उत्तर दिलं नाहीस तर माझ्याशी बोलायचं नाही."

सोमवारी अक्षरा तिसरी आली. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. साठावं नाव आरतीचं होतं आणि सवयीनं सरांच्या तोंडून तो विनोद निघून गेला. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी आरतीचा बाक रिकामा होता.

शुक्रवारी तिचे वडील भुजंगराव क्लासच्या दारात उभे राहिले. काखेत पोरीची वळकटी.

"सर, पोरीला घिऊन चाललो."

"अहो, परीक्षा तोंडावर आलीय! असं मध्येच?"

"डोस्कंच चालंना म्हणतीय. चार दिस झालं, पोटात अन्न न्हाई." मग त्यांनी वळकटी खाली ठेवली आणि हात जोडले. "तुमचा काय बी दोष न्हाई, सर. लई चांगलं शिकवता म्हणून सांगायची."

त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

घरी आल्या आल्या त्यांनी अक्षराला विचारलं, "आरतीचं काय सांगत होतीस?"

"तिचं नाव खाली आलं की ती जेवायची नाही, अप्पा. मेसचं ताट तसंच परत जायचं, हॉस्टेलच्या पोरी सांगायच्या. म्हणून मी चुकीचं दाबायला लागले." अक्षराला रडू आवरेना. "मला येतं, हे मला माहीत होतं. तिला येतं, हे तिला माहीत नव्हतं."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की."

शनिवारी सर मालकांकडं गेले. शिडी बंद करू म्हणाले. मालक हसले. "सर, पोरं शिडी बघून ॲडमिशन घेऊन राहिलेत. येडेपणा करू नका."

सोमवारी शिडी लागली. सरांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, यादीत स्वतःचं नाव घातलं आणि दहाच्या दहा उत्तरं चुकीची दाबली. स्क्रीनवर साठावं नाव आलं, उमाशंकर. वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, शिडी खालून धरायला कुणीतरी लागतंच की!" सरांच्या कानशिलातून वाफा निघाल्या. माणसाला ते इतकं लागतं, हे त्यांना आज कळलं. एकटी अक्षरा तेवढी हसली नाही.

संध्याकाळी त्यांनी भोकरला फोन लावला. "भुजंगराव, शेवटची जागा आता माझी. कायमची. आरतीला सांगा आणि परत पाठवा."

"तिनं पुस्तकं कालच शेजारच्या पोरीला दिऊन टाकली, सर."

"तिला फोन देता का जरा? एकच विचारायचंय."

पलीकडं बराच वेळ कुजबुज चालली. मग पुन्हा भुजंगरावांचाच आवाज आला, ओशाळलेला.

"हितंच बसलीय, सर. पण न्हाई म्हणतीय. सरांना म्हणावं, आता मला काय बी इचारू नका."