दाबलेलं हसू
ओपल टिबेट्स नेब्रास्काहून हॉलिवूडला आली ती नटी व्हायला. झाली नटीची बदली. विनोदी नटी व्हायोला कॅरावे हिच्याएवढीच तिची उंची, तसेच केस. दिव्यांची मांडामांड होईपर्यंत हिनं भाजत्या उजेडात ताटकळायचं, आणि बाई आल्या की बाजूला व्हायचं. यातच आयुष्य गेलं. लग्नबिग्न राहूनच गेलं.

चित्रण चालू असताना सेटवर हसायची सोय नव्हती. कुणी खुदकन हसलं तरी शॉट वाया. म्हणून हसू आवरेनासं झालं की सगळे रुमाल तोंडात कोंबत. व्हायोलाचा मात्र एकाच तोंडावर भरवसा. शॉट संपला की ती दिग्दर्शकाला सोडून ओपलकडे बघायची. तिथे रुमाल दिसला की शॉट पक्का. मग दिग्दर्शकाचंही काही चालत नसे.

शेवटच्या चित्रपटाच्या वेळी व्हायोलाचा नवरा नुकताच वारला होता. ती वाक्यं विसरत होती. केक घेऊन पडायचा प्रसंग पुन्हा पुन्हा फसला. शेवटी ती घामाघूम होऊन ओपलकडे बघू लागली. हसण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. पण ओपलचा जीव तुटला, आणि तिनं रुमाल तोंडात कोंबला.

"झालं तर. हाच ठेवा," व्हायोला म्हणाली.

टीकाकारांनी तिची सालटी काढली. ही बाई विनोदी कधी नव्हतीच, दिग्दर्शकांनी सांभाळून घेतलं म्हणून चाललं, असं एका शहाण्यानं लिहिलं, आणि बाकीच्यांनी तेच घोकलं. कामं बंद झाली. ओपलला त्या लोकांचा संताप यायचा, स्वतःचा त्याहून जास्त.

पुढे सिनेमावाल्यांच्या वृद्धाश्रमात एका दुपारी व्हायोलाचा जुना चित्रपट दाखवला. ओपल बस पकडून आली होती. म्हातारे खो खो हसत होते.

"यांचं काय घेऊन बसलीस? सूप सांडलं तरी हसतात," चाकाच्या खुर्चीतली व्हायोला म्हणाली. "तू खरं सांग ओपल. होतं का गं माझ्यात काही?"

"होतं, बाई. तुमच्याइतकं कुणातच नव्हतं. शपथेवर सांगते."

यात तसूभरही खोटं नव्हतं.

व्हायोलानं तिचा हात थोपटला. "मायाळू आहेस गं. म्हणूनच तुला विचारण्यात अर्थ नाही."

मग नर्सला हाक मारून तिनं खुर्ची खोलीत न्यायला सांगितली. चित्रपट अजून अर्धा बाकी होता.