आत्याचा मारामारीचा सिनेमा

माझ्या आत्याला गोष्ट आवडत नसे. सिनेमात नायिकेचा म्हातारा बाप अंथरुणावरून मुलीला काही सांगू लागला, की आत्या चंची उघडून पान लावायला घ्यायची. तलवारी निघाल्या, की ते पान तसंच हातात राहायचं.

आंदर मावळात ती एकटीच भाताची शेती करायची. नवरा ऐन तारुण्यात गेलेला. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, रेल्वेत लागले म्हणून आम्ही लोणावळ्यात आलो. मी तिथल्याच मुलींच्या शाळेत शिकवत होते. दिवाळीनंतर बाजाराजवळ सिनेमाचा तंबू लागला, की आत्या कामशेतपर्यंत चालत यायची, तिथून गाडी धरायची आणि आमच्या दारातूनच विचारायची, “घोड्यावरची बाई लागलीया का?”

त्या घोड्यावरच्या बाईचे सगळे सिनेमे मला एकच वाटत. तोंडावर बुरखा, हातात चाबूक, मागे पुठ्ठ्याचा किल्ला. एकदा दुष्ट सरदार भिंतीवर आदळला, तर अख्खी भिंत लाटेसारखी हलली.

मी वैतागून म्हणाले, “आत्या, भिंत कापडाची आहे गं!”

“आसंना. मार तर खरा बसला न्हवं?”

मागे खुर्चीवर आमच्या शाळेच्या हेडबाई, आणि पुढे जमिनीवर बसून आत्या ओरडतेय, “हान! हान त्येला!” मला कुठं तोंड लपवू असं व्हायचं.

एका पावसाळ्यात शेजाऱ्याची म्हैस रोपात शिरली. आत्यानं बांधावरून थेट तिच्यावर उडी टाकली. पाय मोडला. हाडवैद्यानं बांधला, तरी वाकडाच बसला. “उडी कशाला मारलीस?” मी रागावले. “ती बाई मारती की,” आत्या म्हणाली.

तिचं लोणावळ्याला येणं बंद झालं, आणि सिनेमा पाहून तिला सांगायची कामगिरी माझ्यावर आली. नको असलेले सिनेमे मी वडिलांना सोबत घेऊन बघायची आणि सुट्टीच्या दिवशी वाट तुडवत तिच्या ओट्यावर पोचायची. राजाला कैद केलं, मुलीनं सोडवलं. संपलं.

आत्या बघतच राहायची. “आन मारामारी?”

“झाली की.”

“कशी झाली? आदी कुनी हानलं? तू नुसती गोष्ट सांगतीस.”

मग मी चुलीजवळची फुंकणी तलवारीसारखी धरून उभी राहायची. आत्याचं समाधान नाहीच. एकदा माझा संयम सुटला. “ती कड्यावरून उडी टाकते, तर खाली नेमका तिचा घोडा आला कुठून? कुणी बांधून ठेवला होता? काही अर्थ आहे का याला?”

आत्या सुजलेला पाय चोळत होती. “आला, येवढं मला पुरं हाय. मी पडले तवा सांजपातूर चिखलात व्हते. हाका मारून घसा बसला. कोन आलं?”

मी फुंकणी खाली ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. ओढे भरलेले, त्यामुळे निरोपही सगळं उरकल्यावर पोचला. वाट मोकळी झाल्यावर मी गेले. घराला कडी होती. मला पाहून वस्तीतल्या बाया ओट्याशी जमल्या. लावणीच्या वेळी आत्या बांधावर बसून त्यांना सिनेमा सांगायची, हे मला तेव्हा कळलं.

“त्या बाईला किल्ल्यात कोंडली, तितवर सांगितलं,” एकजण म्हणाली. “मंग ताप भरला. फुडं काय झालं वं, बाई?”

सिनेमा मला ठाऊक होता. मी सांगितलं, तिनं दार फोडलं, सरदाराला धरलं, राजा सुटला.

बायांमधली थोरली म्हणाली, “येवढंच व्हय? आत्याबाईंच्यात लय हानामारी व्हती.”

मी पदर खोचून पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. पण मला ते काही जमेना.