सासूबाई, मी आणि तोट्याची फाईल: बाड हॉम्बुर्ग ते डार्मश्टाट आणि परत

डिसेंबरात जर्मनीला येणारे पाहुणे ख्रिसमस मार्केट बघतात, बर्फ पडला तर फोटो काढतात आणि चॉकलेटं घेऊन परत जातात. माझ्या सासूबाई पण याच बेताने आल्या होत्या. मी त्यांना टॅक्सचे कागद गोळा करायला नेलं. आता तुम्ही म्हणाल काय बाई सून आहे! पण खरं सांगते, नेलं म्हणणंही चूक आहे. त्यांनीच मला ओढत नेलं.

झालं असं, की ऑफिसच्या कँटीनमध्ये एका सहकारिणीने सहज विचारलं, "तुझ्या मास्टर्सचा तोटा नोंदवलास ना?" मी म्हटलं, कसला तोटा? मी चांगली पास झालेय. मग तिने समजावलं. जर्मनीत तुमची पहिली पदवी आधीच झाली असेल (आपली भारतातली बी.ई. चालते) आणि तुम्ही पुढे मास्टर्स करत असाल, तर सेमिस्टरची फी, लॅपटॉप, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च हे सगळं नोकरी मिळवण्यासाठीचा खर्च धरतात. कमाई शून्य आणि खर्च एवढा, म्हणजे त्या वर्षी तुम्ही तोट्यात. हा तोटा सरकारदरबारी नोंदवून ठेवायचा, आणि नोकरी लागली की तो आपल्या उत्पन्नातून वजा होतो. याला म्हणतात फेअरलुस्टफोरट्राग, पुढे नेलेला तोटा. पहिल्याच पदवीला शिकणाऱ्यांना मात्र तोटा असा पुढे नेता येत नाही. त्यांना सूट मिळाली तर त्याच वर्षाच्या कमाईवर.

सगळं छान, फक्त फॉर्म भरायला वर्ष संपल्यापासून चार वर्षं मिळतात. माझ्या पहिल्या वर्षाची मुदत एकतीस डिसेंबरला संपत होती. आणि पहिल्याच वर्षात तर लॅपटॉप, विमान, सगळा मोठा खर्च! ते वर्ष हातचं गेलं असतं तर मी पुढची दहा वर्षं हळहळत बसले असते.

ऑनलाइन भरावं तर सरकारी पोर्टल आधी घरी पत्राने एक कोड पाठवतं, आणि ते पत्र काही येईना. म्हणून कागदी फॉर्म. फीचे दाखले माझ्या डार्मश्टाटच्या युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर, आणि शिक्षण संपल्यावर माझं लॉगिन बंद. ईमेल केला तर उत्तर आलं की सुट्टीनंतर बघू. मी डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात किचनमधून सासूबाई बाहेर आल्या.

सासूबाईंची ओळख करून देते. पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर. फीचे दाखले, बोनाफाइड, हे सगळं त्यांच्या सहीशिक्क्याने बाहेर पडायचं. जर्मनीत येऊन महिना झाला होता आणि भाज्या चिरण्यापलीकडे त्यांच्या हाताला काम नव्हतं. 'दाखला' हा शब्द कानावर पडताच त्यांचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका.

"ईमेलने कधी कुणाला दाखला मिळालाय का गं? समोर जाऊन उभं राहायचं. आणि शिक्का मारून आणायचा. गोल."

"अहो आई, इथे शिक्के नसतात."

"शिक्का नसलेला दाखला म्हणजे नुसती चिठ्ठी," त्या म्हणाल्या आणि स्वेटर घालायला गेल्या.

रोहन, म्हणजे माझा नवरा, लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. आईच्या बाजूने बोलायला याला जर्मन बरी सुचते.

तर मंडळी, प्रवास. आमच्या बाड हॉम्बुर्गहून एस-बानने, म्हणजे लोकलने, फ्रँकफर्टचं मुख्य स्टेशन हाउप्टबानहोफ, तिथून रीजनल गाडीने डार्मश्टाट. सगळं सुरळीत असेल तर तासाभरात पोचता. आमची रीजनल रद्द झाली. बोर्डावर 'आउसफाल' आलं आणि सगळे जर्मन न बोलता, एकाच वेळी, शेजारच्या प्लॅटफॉर्मकडे चालू पडले. सासूबाईंना हे फार आवडलं. "कुणी भांडलं नाही, कुणी चौकशी केली नाही! मग यांना कळतं कसं?" नाही कळत, आई, ते सवयीने चालतात. माझ्याकडे महिन्याचं डॉइचलंडटिकेट होतं. त्यांच्यासाठी दिवसाचा पास काढला, आणि तो त्यांनी संध्याकाळपर्यंत हातात धरून ठेवला. तपासायला कुणी आलं नाही याचा त्यांना शेवटपर्यंत राग होता.

डार्मश्टाटला स्टेशनबाहेरून ट्रामने लुइझनप्लाट्झला उतरायचं. मधोमध उंच खांब, त्यावर पुतळा, आणि सगळ्या बस-ट्राम तिथेच फिरतात. माझी दोन वर्षं या चौकात बस चुकवण्यात गेली. स्टेशनबाहेर ट्रामच्या थांब्यावर दोन मुली मराठीत कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "त्या काकूंनी साडीवर काय मस्त जॅकेट घातलंय, विचारू का कुठून घेतलं?" दुसरी म्हणाली, "वेडी आहेस का, त्यांना काय मराठी येणार!" सासूबाई वळून म्हणाल्या, "लक्ष्मी रोडवरून, बाळा. सेल होता." त्या दोघी जागच्या जागी गोठल्या. दोघी पीएचडीवाल्या, एक नाशिकची, एक साताऱ्याची. मग अर्थातच दहा मिनिटं गप्पा आणि आमची ट्राम गेली.

युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी खिडकीवर नंबर घेऊन बसलो. आमचा नंबर लागला तेव्हा समोर एक शांत गृहस्थ, टेबलावर कुंडी, कुंडीत एकुलतं एक पान. मी नाव, जुना विद्यार्थी क्रमांक सांगितला. त्याने खटखट केलं आणि त्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरचे दाखले प्रिंट करून पुढे सरकवले. संपलं. इतकंच काम. मला तर नाचावंसं वाटलं.

सासूबाईंनी कागद हातात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला, दिव्यासमोर धरला.

"शिक्का?"

मी जर्मनमध्ये विचारलं. त्याने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं: हे पत्र संगणकाने तयार केलं आहे, सहीशिवाय वैध आहे.

"त्याला सांग," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या टेबलावरून असा कागद गेला असता तर प्रिन्सिपलसाहेबांनी मला घरी बसवलं असतं. असले कागद मी पण घरी छापीन, अगदी त्याच्या नावाचेसुद्धा. आणि त्या झाडाला पाणी घाल म्हणावं, मरायला टेकलंय."

मी त्याला म्हटलं, "माझ्या सासूबाई तुमचे मनापासून आभार मानताहेत."

तो हसला. सासूबाई नाही हसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मी एवढं बोलले, तू चार शब्दांत उरकलंस. आणि मी झाडाबद्दल बोलले तर त्याने झाडाकडे बघितलं कसं नाही?"

आता मंडळी, डार्मश्टाटला जाताय तर माथिल्डेनहोहं ही टेकडी चुकवू नका. चौकापासून वीसेक मिनिटं चढ चालायचं. वर सोनेरी घुमटांचं छोटं रशियन चर्च आहे, आणि पंजाची पाच बोटं वर केल्यासारखा एक मनोरा. त्याचं नाव होख्झाइट्सटुर्म, लग्नाचा मनोरा. हे मी सांगायला नको होतं.

"लग्नाचा मनोरा!" सासूबाई म्हणाल्या. "इथे तू रोज यायचीस? आणि आम्ही तिकडे हॉलचं बुकिंग रद्द करत होतो."

हा विषय आमच्या घरात फरशीखाली ठेवलेला आहे, कधीतरी आवाज करतो. साखरपुडा झाला आणि महिन्याभरात मला इथली ॲडमिशन आली. लग्न दोन वर्षं पुढे गेलं. रोहनची हरकत नव्हती. सासूबाई मात्र तेव्हा भर बैठकीत म्हणाल्या होत्या, "ऐन वयातली दोन वर्षं तोट्यात घालायची म्हणजे काय!" ते वाक्य मला लागलं होतं. खूप लागलं होतं. या दोन वर्षांत माझं काय काय झालं, पहिल्या परीक्षेत मी कशी आपटले, थंडीत एकटी कशी रडले, यातलं काहीच मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण ते तोट्याच्याच खात्यात गेलं असतं.

टेकडी उतरून गावातल्या जुन्या राजवाड्यासमोरच्या ख्रिसमस मार्केटात आलो. खायचं असेल तर कार्टोफेलपुफर खा, बटाट्याचे कुरकुरीत तळलेले वडे, सोबत सफरचंदाची गोड चटणी. "थालीपिठाबरोबर शिकरण दिल्यासारखं आहे," असं म्हणत सासूबाईंनी माझ्या वाट्यातला पण एक संपवला. मग मी त्यांच्यासाठी मुलांचा फळांचा गरम रस घ्यायला निघाले, तर त्यांनी माझी बाही धरली.

"सगळे पिताहेत ते लाल."

"आई, ती गरम वाईन आहे."

"मला माहीत आहे काय आहे ते. रोहनला सांगू नकोस."

मगाला डिपॉझिट असतं, तो परत दिला की पैसे परत, हे लक्षात ठेवा. सासूबाईंनी दोन्ही हातांनी मग धरला, एक घोट घेतला, काढ्यासारखं तोंड केलं आणि दुसरा घोट घेतला. मग म्हणाल्या, "आता नीट सांग, हा फॉर्म नक्की कसला?"

मी सांगितलं. फी, लॅपटॉप, कमाई नाही, म्हणून तोटा, तो पुढे न्यायचा. सांगता सांगता माझ्याच लक्षात यायला लागलं की मी काय सांगतेय. त्यांच्या पण आलं.

"म्हणजे," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "तू सरकारला लिहून देणार, की ही वर्षं तोट्याची होती?"

"हो, पण..."

"हेच मी म्हणाले होते तर दोन महिने तोंड पाडून बसली होतीस!"

आणि त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की शेजारच्या टेबलावरचे आजोबा पण हसले. मी पण हसले, करणार काय! मग त्यांचं हसू ओसरलं आणि त्या मगात बघत म्हणाल्या, "मी एम.कॉम.चं पहिलं वर्ष केलं होतं. रोहनच्या वेळेला सुटलं ते सुटलंच. माझा तोटा कुणी लिहून पण घेतला नाही गं, पुढे न्यायची गोष्ट तर सोडच. म्हणून तुझ्या वेळी तसं बोलले असेन. मला वाटलं, गेलेली वर्षं गेलीच."

मी म्हटलं, "आई, मी पहिल्या परीक्षेत नापास झाले होते." हे मी रोहनशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. फोनवर फार आनंदात बोलत होतीस." आणि बटाट्याचे वडे आणखी आणायला पाठवलं.

परतीच्या गाडीत त्यांनी पर्समधून पेन काढलं. "त्या खिडकीवाल्याने सही नाही केली, निदान तू तरी कर." माझ्याकडून सोबत आणलेल्या प्रत्येक झेरॉक्सवर सही घेतली. लॅपटॉपचं बिल, विमानाचं तिकीट, दाखले, सगळ्यांवर. घरी जाऊन पानांवर नंबर टाकले, वर अनुक्रमणिका लावली, दोरीने फाईल बांधली. इतकी देखणी फाईल त्या टॅक्स ऑफिसने जन्मात बघितली नसेल.

दुसऱ्या दिवशी बाड हॉम्बुर्गचं फिनान्सआम्ट, म्हणजे टॅक्स ऑफिस. सुट्टीआधीचा शेवटचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मला मिळाला होता. खिडकीवरच्या बाईंनी फाईल उघडली, दोरी सोडली, वरचा फॉर्म काढून घेतला आणि बाकीचा गठ्ठा तसाच माझ्याकडे सरकवला.

"पुरावे नकोत. घरी ठेवा. लागले तर आम्ही मागू."

मी भाषांतर केलं. सासूबाईंचा विश्वासच बसेना. "म्हणजे बघणार पण नाहीत? नुसतं आपण म्हणतो म्हणून?"

"हो, आई."

म्हणजे डार्मश्टाटला जायचीच गरज नव्हती! हे दुःख पचवतेय तोवर बाईंनी फॉर्मचं शेवटचं पान आमच्याकडे वळवलं. सहीची चौकट कोरी. त्या अख्ख्या फाईलमध्ये सही नसलेला हा एकच कागद होता. तसाच टपालपेटीत टाकला असता तर गेलंच होतं ते वर्ष. सासूबाईंनी पेन पुढे केलं. मी सही केली, बाईंनी तारखेचा शिक्का मारला. धप्पकन. सासूबाईंनी सुस्कारा सोडला तो मला अजून आठवतो.

तुम्हाला हाच प्रवास करायचा असेल तर माझं ऐका, डिसेंबर उजाडायची वाट बघू नका. कोडचं पत्र आधीच मागवून ठेवा, 'तोटा पुढे न्यायचा आहे' ही खूण फॉर्मच्या पहिल्याच पानावर करा आणि दाखले शिकत असतानाच उतरवून घ्या. मी काही करसल्लागार नाही, शंका असेल तर सल्लागाराला विचारा. डार्मश्टाटला मात्र तरीही जा. वड्यांसाठी.

जानेवारीत सासूबाई पुण्याला गेल्या. घर एकदम मोठं वाटायला लागलं, हे मी रोहनला सांगितलं नाही, इथे लिहितेय. काही आठवड्यांनी पत्र आलं: तोटा पूर्ण मान्य. आकडा सांगत नाही, दृष्ट लागते. मी लगेच फोन लावला.

"आई, मंजूर झाला तोटा!"

"थांब," त्या म्हणाल्या आणि फोन तसाच ठेवून कुठेतरी गेल्या. बराच वेळ नुसता दरवाज्यांचा आवाज. मग धापा टाकत परत आल्या. "सगळ्या मजल्यांवर पेढे दिले."

"पेढे? काय सांगितलंत?"

"सांगितलं, सूनबाईंनी तिकडे दोन वर्षं शिक्षण केलं ते वाया गेलेलं नाही, जर्मन सरकारने तसं लेखी दिलंय."

"अहो आई, त्यांनी उलटं लेखी दिलंय. तोटा झाला म्हणून!"

"मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण आपल्या बिल्डिंगीत जर्मन कुणाला येतंय?"