शामू परीक्षेला का गेला नाही

वडगावच्या जुन्या दहावीच्या वर्गाने शामूची शोकसभा ठेवली आणि त्या शोकसभेत हशा पिकला. त्याचा अपमान करावा असं कुणाच्याच मनात नव्हतं. शामू होताच तसा. त्याची आठवण निघाली की आधी हसू यायचं आणि मग डोळे पुसायला लागायचे. आयुष्यभर पॉवरलूमच्या खडखडाटात राहून त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की शामू बरोबर हवाच. कानडी डॉक्टरशी कानडीत ओरडायचा, पेशंटशी मराठीत ओरडायचा, आणि पेशंट घरी सुखरूप पोचला की स्वतः जेवायचा. असा माणूस गेल्या आठवड्यात माग चालू असतानाच छातीत कळ येऊन गेला.

वर्गाचे पुढारी मारुतीराव हॉटेलवाले. त्यांनी माईक हातात घेतला आणि वर्गाचा ठेवणीतला किस्सा काढला. दहावीच्या परीक्षेला भिऊन आमचा शामू आठ दिवस पळत राहिला होता. रोज पेन खिशाला लावून घरातून निघायचा आणि शाळेत काही पोचायचा नाही. शेवटी गुरुजीच घरी आले तेव्हा बिंग फुटलं. सगळे हसले. पुढच्या खुर्चीत शामूची आई मालुबाई बसली होती. तीही कसनुसं हसली.

तिसऱ्या रांगेत साईनाथ बसला होता. आता बँकेत मॅनेजर आहे, माणूस सभ्य, केस व्यवस्थित. हा किस्सा त्याने पस्तीस वर्षांत पन्नास वेळा ऐकला होता आणि पन्नासही वेळा हसला होता. आज मात्र त्याला मालुबाईचा चेहरा दिसला आणि तो हसला नाही.

कारण शामू पळाला नव्हता. तो साईनाथच्या घरी, आतल्या खोलीत, हातमागावर बसला होता.

परीक्षेच्या तोंडावर साईनाथचे वडील आप्पा टायफॉइडने आडवे झाले. मागावर लग्नाची साडी निम्मी विणलेली होती. ठरल्या दिवशी साडी पोचली नाही तर सूत देऊन साड्या विणून घेणारा शेठ पुढचं काम दुसऱ्याला देणार, म्हणजे साईनाथने परीक्षा सोडून मागावर बसायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं. तेव्हा शामू, तोही विणकराचंच पोर, म्हणाला, "तू बस परीक्षेला. मला काय, पुढच्या वर्सी बी बसता येतंय."

पण एक अडचण होती. विणकरांच्या गल्लीत कोणालाही विचारा, प्रत्येकाचा ठोका, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवायचा जोर, वेगळा असतो. कुणाचा जड, कुणाचा हलका. एका साडीवर दोन हात बसले की कापडावर ते दिसतं, आणि असली साडी शेठ तोंडावर फेकायचा. म्हणून शामूने पहिला दिवस नुसता आप्पांनी विणलेल्या कापडावरून बोटं फिरवण्यात घालवला. मग त्याने तसाच ठोका धरला. साडी वेळेवर गेली. मात्र ही गोष्ट शेठच्या कानावर जाऊ नये म्हणून शामूने साईनाथला शपथ घातली आणि बिंग फुटल्यावर स्वतः घरी सांगितलं, की मी परीक्षेला भ्यालो.

वडील महिन्याभरात उठले, तेव्हाच साईनाथला खरं सांगता आलं असतं. आधी निकालाची गडबड, मग कॉलेज, मग नोकरी, आणि पुढे तर एवढ्या उशिरा कशाला म्हणून राहिलं. शामूचं पुढचं वर्ष काही आलं नाही. आईने त्याला मागावर बसवलं ते कायमचंच.

साईनाथ उठला. माईक घेतलाच नाही. जागेवरूनच, अडखळत, त्याने सगळं सांगितलं. मारुतीरावांनी मान खाली घातली.

मालुबाईने हाताने खूण करून त्याला जवळ बोलावलं. तो तिच्या पायाशी बसला.

"लई मारलं रं मी त्याला त्या दिशी," ती म्हणाली. "चुलीतल्या लाकडानं. महिनाभर त्याच्यासंगं बोलले न्हाय."

"माझं चुकलं, काकी."

तिने त्याला माफ केलं नाही आणि बोलही लावला नाही. ती स्वतःशीच काहीतरी जुळवत होती. तिचा जन्मही मागापाशीच गेलेला. मग तिने विचारलं, "शेठला कळलं न्हाय व्हय?"

"न्हाय. आप्पांचा हात कुठं संपला आनि शामूचा कुठं लागला, ते आप्पांना सुदिक सापडलं न्हाय."

"सोळा वर्साचं पोर," मालुबाई हळूच म्हणाली. "त्याच्या बापाला बी हे कधी जमलं न्हाय. आनि मी जल्मभर गल्लीत सांगत फिरले, माझ्या शामूला काय बी येत न्हाय."

मुलगा गेल्यापासून म्हातारीच्या डोळ्यांतून नीट पाणी आलं नव्हतं. आता ती साईनाथचा खांदा धरून मोठ्याने रडली.